गिऱ्हाईक आपल्याकडेच का येते?

नोकरी म्हणजे स्थिर आणि धंदा म्हणजे बेभरवशाचा, ही समजूत आमच्या पांढरपेशा घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती आता मावळत चालली आहे, हे इष्टच होय. शिकलासवरलेला मुलगा नोकरी सोडून काही विकू पाहतो. सून घरच्या घरी भाजणी, मेतकूट, लोणची करून ओळखीच्या घरी पोचविते. निवृत्त झालेले गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पुतण्याच्या दुकानात घालतात. अशा वेळी सारे घर एकत्र बसते. जागा कोणती, भांडवल किती, नाव काय ठेवावे, पाटी कोणत्या रंगाची, मुहूर्त केव्हाचा, या सर्वांचा सांगोपांग ऊहापोह होतो. आणि ज्या प्रश्नावर बाकीचे सर्व अवलंबून, तो बहुधा कोणी विचारीतच नाही. तो प्रश्न असा की, बाजारात हीच वस्तू विकणारे दहाजण असताना गिऱ्हाइकाने आपल्याकडेच का यावे? आणि त्याला जोडूनच दुसरा: आपले पाहून शेजाऱ्याने तसेच दुकान मांडले, तरीही त्याने आपल्याकडे का येत राहावे?

पहिल्या प्रश्नाच्या विचारास हल्ली विपणन म्हणतात, व दुसऱ्याच्या विचारास स्पर्धेतील वरचढपणा. आम्ही जन्मभर वर्गात संस्कृत आणि अंकगणित शिकविले, दुकान कधी मांडले नाही; तथापि या विषयाला थोडे व्याकरण व थोडे त्रैराशिक एवढी सामग्री पुष्कळ उपयोगी पडते, म्हणून चार शब्द लिहितो.

विपणन हा शब्द नवा दिसला तरी त्याचा धातू फार जुना आहे. धातुपाठात पण् या धातूचे दोन अर्थ दिले आहेत: एक व्यवहार करणे, दुसरा स्तुती करणे. बाजारपेठ या अर्थाचा विपणि हा शब्द त्यातूनच आला, आणि द्यूतात जो लावावयाचा तो पणही त्याच कुळातला. देवघेव, स्तुती आणि पण, अशी धंद्याची तिन्ही अंगे त्या एका धातूत आलेली आहेत. आमच्या लोकांचा घोटाळा होतो तो असा की, विपणन म्हणजे केवळ स्तुती, म्हणजे जाहिरात, असे ते धरून चालतात. देवघेवीत गिऱ्हाइकाच्या पदरात नेमके काय पडते, आणि आपण कोणत्या गोष्टीवर पण लावला आहे, हे दोन मुद्दे ठरल्यावाचून केलेली स्तुती वाऱ्यावर जाते. हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा तीन वस्तूंच्या इतिहासावरून पाहणे बरे. त्या वस्तू म्हणजे एक नांगर, एक लोणी व एक धुण्याची पावडर.

नांगराचा खरा प्रतिस्पर्धी

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्या दिवसांत ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावास आपले बंधू रामुअण्णा यांजकडे पाठवीत. रामुअण्णा त्या विकीत, आणि विकत घेणाऱ्यास त्या चालविण्यासही शिकवीत. ही गोष्ट दिसावयास लहान आहे, पण तीत पुष्कळ अर्थ आहे. ज्याला सायकलवर बसताच येत नाही तो ती घेईल कशाला? त्याची अडचण ओळखून ती दूर करणे हाही मालाचाच एक भाग आहे, हे या दोघा भावांना कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून कळले होते.

पुढे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावास प्रथम कडबा कापण्याची यंत्रे व नंतर लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. वाचकांस वाटेल की त्यांची चुरस विलायतेहून येणाऱ्या नांगरांशी होती. ती होतीच, परंतु अधिक बळकट प्रतिस्पर्धी निराळा होता. तो म्हणजे शेतकऱ्याच्या खांद्यावरचा लाकडी नांगर, व त्यामागची सवय. लोखंड लागले की जमीन विषारी होते, अशी रयतेची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे त्या कारखान्याच्या इतिहासात सांगतात. दोन वर्षे! आमच्या घरांतून सहा महिन्यांत नफा दिसला नाही तर दुकानाला टाळे लावण्याच्या गोष्टी सुरू होतात.

अशी शंका छापील कागदाने फिटत नाही. शेजारच्या रानात नांगर चाललेला आणि पुढच्या हंगामात तेथे पीक डोललेले पाहिले म्हणजेच ती फिटते. म्हणून धंद्यास हात घालणाराने प्रथम शोधावयाचे ते हे की, आपले गिऱ्हाईक आज ती गरज कशाने भागविते? समोरचा दुकानदार हाच आपला प्रतिस्पर्धी असे नाही. पुष्कळदा तो गिऱ्हाइकाच्या घरातच, त्याच्या सवयीच्या रूपाने बसलेला असतो.

१९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान दिले, आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. नांगरांचा खप वाढू लागला. आता दुसरा प्रश्न उभा राहतो. लोखंडी नांगर एकदा खपू लागला की दुसरा कोणी तसाच ओतून बाजारात का आणणार नाही? येथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांची बुद्धी कामी आली. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची हकिकत गिऱ्हाइकास कळविणे हा त्याचा मूळ हेतू. पण नांगराच्या गुणवर्णनाने पाने भरण्याऐवजी त्यात वाचनीय मजकूर येऊ लागला. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, व १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली. ज्या घरात नांगराचे काहीच काम नव्हते, त्या घरातही कारखान्याचे नाव दरमहा आदराने घेतले जाऊ लागले. नांगराचा साचा कोणालाही करता येतो. घराघरांत महिन्यामागून महिना कमावलेला विश्वास ओतण्याचा साचा मात्र कोठेही मिळत नाही.

लोणी आणि जिभेची सवय

दुसरे उदाहरण गुजराथेतील. खेडा जिल्ह्यातील दुधाच्या व्यापारावर पूर्वी पॉल्सन कंपनीचे वर्चस्व होते, आणि तिचे लोणी मुंबईकरांच्या न्याहारीत पक्के बसले होते. दुधाला मिळणारा भाव अपुरा, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला सहकारी संघ उभारला. त्याची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ रोजी झाली. १९४९ साली वर्गीस कुरियन आणंदला आले व पुढे या संघाच्या कारभाराशी एकरूप झाले. ‘अमूल’ हे नाव याच संघाच्या मालाचे.

अमूलचे लोणी प्रथम मुंबईच्या बाजारात आले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट झाली. ते ताज्या सायीचे, स्वच्छ व पांढरे; आणि लोकांना ते बेचव लागे! कारण पॉल्सनचे लोणी साय आंबवून केलेले, मीठ घातलेले, पिवळसर. मुंबईकरांची जीभ त्या चवीला सरावली होती. लोणी म्हणजे तसेच, असे तिने ठरवून टाकले होते. अखेरीस अमूलनेही मीठ व रंग घालण्यास आरंभ केला, तेव्हा खप वाढला. येथे कोणी म्हणेल, ही तर सत्त्वापासून माघार झाली. आम्हांस तसे वाटत नाही. मीठ घालणे आणि भेसळ करणे यांत अंतर आहे. वस्तू निर्भेळ ठेवणे हे विकणाराचे व्रत. ती कोणत्या चवीची हवी हे ठरविण्याचा अधिकार मात्र खाणाराचा. आमच्या घरांतील सुगरणींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ‘आमच्याकडे आमटी अशीच करतात’ हा उद्गार स्वयंपाकघरात शोभतो, दुकानात नाही.

१९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांनी अमूलच्या लोण्यासाठी ठिपक्यांच्या झग्यातील ती खट्याळ बालिका निर्माण केली, व युस्टेस फर्नांडिस यांनी तिचे चित्र काढले. चालू घडामोडींवर मिस्कील टिप्पणी करीत ती रस्त्यारस्त्यावरील फलकांवर झळकली, आणि आजही झळकते. स्तुती कशी करावी याचा हा उत्तम नमुना होय: स्वतःच्या मोठेपणाचा डांगोरा नाही, विनोद ताजा, आणि चेहरा मात्र तोच. तथापि संघाचे बळ केवळ त्या बालिकेत आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्या कोणालाही चांगला चित्रकार व चांगला विनोदी लेखक पगार देऊन ठेवता येतो. परंतु दूध देणारा शेतकरी हाच संघाचा मालक, आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयाचा बहुतांश भाग त्याच्याच हाती परत जातो, ही व्यवस्था खाजगी कंपनीस उचलता येत नाही. उचलावयाची तर तिच्या मालकांस मालकीवरच पाणी सोडावे लागेल! प्रतिस्पर्ध्याला नक्कल करावयाची झाली तर स्वतःचे मूळच उपटावे लागावे, यापरता बळकट वरचढपणा नाही.

स्वस्ताई कोठून येते?

आता धुण्याची पावडर. सर्फ ही पावडर हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९५९ साली भारतात आणली, आणि मध्यमवर्गीय घरांत तिने वड्यांच्या साबणाला हळूहळू हटविले. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या गृहस्थांनी घरीच पावडर तयार करून विकण्यास प्रारंभ केला. ते रसायनशास्त्राचे पदवीधर असून गुजराथ सरकारच्या खाणखात्यात नोकरीस होते. नोकरी सांभाळून ते सायकलीवरून दारोदार जात. मुलीच्या नावावरून त्यांनी मालास ‘निरमा’ नाव दिले. तिचा भाव किलोला तीन-साडेतीन रुपये. सर्फचा तेरा ते पंधरा.

मोठ्या कंपनीला आपला भाव उतरविता आला नाही काय? येथेच या कथेचे मर्म आहे. सर्फ मोठ्या यंत्रांनी, वीज व उष्णता खर्चून तयार होई. तिच्यावर अबकारी कर, घाऊक व्यापाऱ्यांची साखळी, जाहिरातीचा खर्च, असे थरावर थर चढत. निरमा विजेच्या यंत्रावाचून, हातांनी मिसळून तयार होत असल्याने तिला करातही सूट मिळे. सुवास नाही, शुभ्रता वाढविणारी द्रव्ये नाहीत, वेष्टन साधे. हातांना ती जरा कडकच लागे. परंतु जी गृहिणी सर्फ कधी घेतच नव्हती, तिच्या दृष्टीने तुलना सर्फशी नव्हतीच. ती होती साबणाच्या वडीशी. निरमाची स्वस्ताई दुकानदाराने पदरमोड करून दिलेली सवलत नव्हती. ती तिच्या उत्पादनाच्या पद्धतीतच भिनलेली होती. म्हणून ती टिकली, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत खपात निरमा सर्वांच्या पुढे गेली.

लिव्हर कंपनीने प्रथम जाहिरातीने उत्तर दिले. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतील फरक दुकानदाराला ठणकावून सांगणारी ललिताजी ही गृहिणी दूरदर्शनवर आली, आणि सर्फचे जुने गिऱ्हाईक तिने सांभाळले. परंतु निरमाकडे गेलेले गिऱ्हाईक बोलण्याने परतेना. तेव्हा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने ‘व्हील’ ही निराळी पावडर काढली, आणि तिच्यासाठी उत्पादन, वितरण, नफ्याचे प्रमाण, सर्व काही नव्याने मांडले. थोडक्यात, बलाढ्य कंपनी आपल्या लहान प्रतिस्पर्ध्याच्या पाठशाळेत जाऊन बसली. पुढे व्हीलने निरमाला मागे टाकले. यावरून दोन धडे मिळतात. भाव उतरविण्यापूर्वी खर्च उतरवावा लागतो, हा पहिला. आणि खर्च उतरविण्याची विद्या प्रतिस्पर्ध्याला शिकता येते, म्हणून केवळ स्वस्ताईवर लावलेला पण कायमचा जिंकलेला नसतो, हा दुसरा.

हार्वर्डचे अध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८० व १९८५ साली लिहिलेल्या दोन ग्रंथांत हाच विचार शास्त्राच्या रूपाने मांडला आहे. वरचढपणाच्या वाटा मुळात दोनच: एक तर सर्वांहून कमी खर्चात माल काढणे, नाही तर गिऱ्हाइकास मोलाची वाटेल अशी काही वेगळी गोष्ट देणे, आणि यांपैकी कोणतीही वाट सर्व बाजारात चालविता येते किंवा त्यातील एखाद्या लहानशा भागापुरती. जो धड स्वस्तही नाही आणि धड वेगळाही नाही, तो दोहोंच्या मध्ये अडकतो. आमच्या ओळखीच्या घरांतील कित्येक बंद पडलेली दुकाने नेमकी या मधल्या जागेत होती.

घरच्या धंद्याचा हिशेब

आता हे सर्व आपल्या घरी आणून पाहू. एका एकत्र कुटुंबातील सून भाजणी करून विकते, अशी कल्पना करा. भाव किलोला २०० रुपये. धान्य, इंधन, दळण, पिशव्या व पोचविणे मिळून खर्च १६० रुपये. म्हणजे नफा ४० रुपये. शेजारच्या गल्लीत दुसरी कोणी तीच वस्तू विकू लागते. घरातील वडील माणसे सल्ला देतात, ‘भाव दहा टक्क्यांनी उतरव.’ भाव १८० झाला. दहा टक्के म्हणजे किती थोडे! परंतु नफा ४० वरून २० वर, म्हणजे निम्म्यावर आला. पूर्वी १०० किलो विकून जी ४,००० रुपयांची मिळकत होई, तीसाठी आता २०० किलो भाजणी भाजली पाहिजे. आणि शेजारीणही भाव उतरविणार नाही, असे तिने थोडेच लिहून दिले आहे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. त्या १६० रुपयांत सुनेच्या श्रमाचे किती धरले? बहुतेक घरांत उत्तर येईल, ‘काहीच नाही; घरचेच तर काम आहे.’ धान्य निवडणे, भाजणे, चाळणे, पिशव्या भरणे, यांस किलोमागे एक तास लागतो असे धरा, आणि त्या तासाची किंमत अवघी ५० रुपये धरा. मग खर्च २१० झाला, आणि भाव उतरविण्यापूर्वीही किलोमागे दहा रुपये तोटाच होता. अर्थात् त्या घरचा माल स्वस्त नव्हताच. त्याची खरी किंमत गिऱ्हाइकाऐवजी घरातील एक बाई आपल्या पाठीने व डोळ्यांनी भरीत होती. करसनभाईंची स्वस्ताई पद्धतीतून आली होती. आमची पुष्कळदा सुनेच्या झोपेतून येते. असा धंदा ती आजारी पडते त्या दिवशी बंद पडतो, आणि मग घरातील मंडळी म्हणतात की बायकांना धंदा जमत नाही! हा अन्याय तर आहेच, पण चुकीचा हिशेबही आहे. तिच्या तासांची नोंद वहीत झाली पाहिजे आणि तेवढी रक्कम दरमहा तिच्या नावे खात्यात पडली पाहिजे. त्यानंतर जे उरेल त्यास नफा म्हणावे.

हा हिशेब एकदा नीट मांडला म्हणजे घरगुती धंद्याने स्वस्ताईच्या वाटेस जाऊ नये, हे आपोआपच कळते. ती वाट मोठ्या कारखान्यांची, आणि हल्ली परक्याच्या भांडवलावर भ्रमणध्वनीवरून सवलती वाटणाऱ्या कंपन्यांची. आपल्यासाठी दुसरी वाट आहे: लहानसा भाग निवडावा आणि त्यात वेगळेपण राखावे. ‘सर्वांसाठी सर्व पदार्थ’ अशी पाटी लावू नये. उपवासाचेच पदार्थ करावयाचे, आणि त्या भांड्यांत इतर काही शिजवावयाचे नाही. किंवा ज्यांची मुले परदेशी आहेत अशा एकट्या वृद्धांस रात्रीचे हलके, कमी तिखटाचे जेवण वेळेवर पोचवावयाचे. असे एकच नेमके गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवावे. मग एक वही करावी. कोणाला दाणे चालत नाहीत, कोणाला मीठ वर्ज्य आहे, कोणाकडे चतुर्थीला डबा नको, हे तीत टिपून ठेवावे. दोन वर्षांनी ती वही हेच खरे भांडवल ठरते. पदार्थाची कृती शेजारणीला एका दुपारी कळेल. ती वही भरण्यास तिलाही दोन वर्षेच लागतील. शिवाय अन्नपदार्थ विकणाराने अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे, ती आरंभीच करावी. जो विश्वासावर पण लावतो त्याने कागदपत्रांत कच्चे राहून चालत नाही.

जाहिरातीविषयी एवढेच सांगतो की, ती सर्वांत शेवटी करावी आणि जेवढे देता येते त्याहून किंचित कमीच बोलावे. वचन थोडे मोडले तरी चटकन बोभाटा होतो. वचनाहून थोडे अधिक मिळाले तर गिऱ्हाईक स्वतःच चार घरी सांगते, आणि त्या स्तुतीस काही पैसे पडत नाहीत.

म्हणून ज्या घरी धंद्याचे बोलणे चालू असेल, त्यांनी मुहूर्त पाहण्यापूर्वी एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावी. आपले गिऱ्हाईक नेमके कोण, आणि आज ते ही गरज कशाने भागविते? ते सोडून त्याने आपल्याकडे यावे असे आपण काय देणार? शेजाऱ्याने तेच सुरू केले, तर त्याला सहज उचलता येणार नाही असे आपल्याजवळ काय आहे? आणि घरातील प्रत्येक माणसाचे श्रम धरून हिशेब जमतो काय? उत्तरे घरातील सर्वांसमक्ष, आणि विशेषतः ज्यांचे हात कामाला लागणार आहेत त्यांच्यासमक्ष वाचावी. एखादे उत्तर कोरे राहिले, तर ते भरेपर्यंत ठेवीची पावती मोडू नये. बाजार कोठे जात नाही. दुकान आणखी सहा महिन्यांनी निघाले तरी चालेल.